किल्ल्याला नंबर की शेरा?

वसुबारस जवळ आली की सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात विटांचे तुकडे, फुटक्या कुंड्या, जुनी पोती आणि कुठल्याशा बांधकामावरून मागून आणलेली लाल माती जमायला लागते. त्याच सुमारास सूचना फलकावर कागद लागतो: किल्ले बांधणी स्पर्धा, लहान गट, मोठा गट, पहिल्या तीन किल्ल्यांना बक्षिसे, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. हाताने प्रतिकृती घडवण्याचा छंद महाराष्ट्रातली मुले मनापासून करतात ती याच आठवडाभरात, आणि आता तो बहुतेक ठिकाणी स्पर्धेसकटच येतो. स्पर्धेने किल्ल्याचे भले केले की वाटोळे, यावर दर दिवाळीत दोन तट पडतात. परीक्षक म्हणून काही दिवाळ्या मी फिरलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की परीक्षण राहायला हवे, नंबर जायला हवा. आपण या दोन्ही गोष्टी एकच धरून चालतो आणि तिथेच घोळ होतो.

आधी स्पर्धेचे श्रेय तिला देऊ. शहरात किल्ल्याला जागा मिळते ती मुख्यतः स्पर्धेमुळे. वाड्याला अंगण होते, अंगणात माती होती. आज फरशी घातलेल्या पार्किंगमध्ये चार मुलांनी चिखल कालवला की संध्याकाळपर्यंत कमिटीकडे तक्रार जाते. तीच मुले ‘आम्ही स्पर्धेत नाव दिलंय’ म्हणाली की कमिटी कोपरा मोकळा करून देते, मातीचा टेम्पो मागवते, वॉचमनकाका पाण्याचा पाईप सोडून देतात. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी स्पर्धेच्या बाजूने उभा राहीन.

दुसरे श्रेय मुदतीचे. परीक्षक पाडव्याला येणार हे कळले की मुले उलटा हिशेब करायला शिकतात, कारण मातीचे वेळापत्रक कुणाच्या हातात नसते. दगड-विटांचा उतार रचायचा, त्यावर ओली पोती अंथरायची, पोत्यांवर चाळलेल्या मातीचा चिखल थापायचा. पहिला थर वाळताना भेगा पडणारच. त्या भेगांत पातळ चिखल जिरवून दुसरा हात फिरवायचा, मग गेरू. उतारावर हिरवळ हवी तर अळीव किंवा मोहरी चार-पाच दिवस आधी टाकायला हवी आणि तिच्यावर दिवसातून दोनदा पाण्याचा हबका मारायला हवा. जोरात मारला तर बी घसरून खंदकात जाते. यातले काहीही आदल्या रात्री जागून उरकता येत नाही.

तिसरे श्रेय अभ्यासाचे, आणि यात स्पर्धांनी खरोखर मोठा पल्ला मारला आहे. ‘काल्पनिक किल्ला’ आणि ‘प्रतिकृती’ असे वेगळे गट पडले, तेव्हापासून प्रतिकृतीच्या गटातली मुले पुस्तके आणि नकाशे काढून बसू लागली, काही तर दसऱ्याच्या सुट्टीत तो गड चढून येऊ लागली. त्यातून प्रश्नही चांगले निघतात. रायगड घ्या. बहुतेक रायगडांवर सिंहासनावर बसलेले महाराज असतात आणि जगदीश्वराच्या देवळापुढे त्यांची समाधीही असते. मग हा रायगड कोणत्या सालचा? राज्याभिषेक १६७४ चा, महाराजांचे निर्वाण १६८० चे. एकदा मी हे विचारल्यावर सहावीतली मुलगी क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, “काका, हा आत्ताचा रायगड आहे, आम्ही बघून आलो तो. सिंहासनावर मूर्ती आहे.” उत्तर बिनतोड होते. मग तिने स्वतःच विचारले की रोपवेसुद्धा दाखवायला हवा होता का.

आता घोळाकडे येऊ. एका स्पर्धेत राजगड होता, तीन मुलांनी मिळून केलेला, बेताचाच. रंग एकसारखा लागला नव्हता, पद्मावती तलावाचे पाणी झिरपून गेले होते. पण संजीवनी माचीवर त्यांनी तटाला तट असा दुहेरी बांधला होता आणि मध्ये बोटभर फट सोडली होती. बुरुजालाही बाहेरून दुसरी भिंत होती. मोठ्या मुलाने सांगितले, की बाहेरचा तट तोफेने पडला तरी आतला शाबूत राहतो, आणि मधल्या अरुंद जागेत शिरलेल्या शत्रूला हालचाल करता येत नाही. चिलखती बुरुजाचे सारे मर्म त्याने दोन वाक्यांत सांगितले होते. ती फट टिकवण्यासाठी त्यांनी चिखल वाळेपर्यंत मध्ये पट्टी उभी करून ठेवली होती. आमच्या गुणपत्रकात रकाने होते भव्यता, सजावट, रंगसंगती, सादरीकरण. त्या फटीला गुण देण्याची सोयच नव्हती. पहिला नंबर शेजारच्या इमारतीतल्या रोषणाईवाल्या प्रतापगडाला गेला. तिघांना सहभागाचे प्रमाणपत्र मिळाले. आपल्या कामातली सर्वात चांगली गोष्ट कोणती, हे त्या कागदावरून त्यांना कधीच कळणार नव्हते.

नंबर फक्त क्रम सांगतो. पुढच्या वर्षी काय सुधारायचे, हे त्यातून उमगत नाही. पहिल्याला वाटते सगळेच बरोबर होते, चौथ्याला वाटते सगळेच चुकले. दोन्ही खोटे असते.

हा पेच किल्ल्यापुरता नाही. जगभर जिथे जिथे हौशी माणसे प्रतिकृती बांधतात, तिथे त्यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून विमाने, जहाजे, रणगाडे करणाऱ्यांची आयपीएमएस ही संघटना ब्रिटनमध्ये १९६३ साली निघाली, पुढे इतर देशांत तिच्या शाखा झाल्या. तिच्या अमेरिकन शाखेतली रुजलेली पद्धत आपल्यासारखीच, प्रत्येक वर्गात पहिला, दुसरा, तिसरा. परीक्षक हातात छोटी बॅटरी घेऊन फिरतात, प्रतिकृतीला हात लावत नाहीत आणि आधी पाया तपासतात: दोन भागांच्या सांध्यावर रेघ राहिली आहे का, दोन्ही पंख एकाच कोनात आहेत का, सगळी चाके जमिनीला टेकतात का, डिंकाचा डाग दिसतो का. ऐतिहासिक अचूकतेवर तिथे भर कमी. प्रत्येक विमानाचा इतिहास परीक्षकाला कुठून माहीत असणार, हा त्यामागचा प्रामाणिक विचार.

रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या ॲम्प्स या अमेरिकन संघटनेने दुसरी वाट धरली. तिथे एका प्रतिकृतीची दुसरीशी तुलनाच होत नाही. ठरवलेल्या कसोटीवर गुण द्यायचे आणि त्या गुणांनुसार सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक. दहा जण सुवर्णाच्या तोडीचे निघाले तर दहा सुवर्णपदके. शिवाय परीक्षकांचे शेरे बांधणाऱ्याच्या हातात पडतात.

मला सर्वात शहाणी वाटते ती आगगाडीच्या प्रतिकृती करणाऱ्यांची रीत. त्यांची एनएमआरए ही अमेरिकन संघटना १९३५ पासून चालू आहे. तिच्या गुणपत्रकात एकूण १२५ गुण: बांधणीला ४०, बारकाव्यांना २०, मूळ वस्तूशी जुळण्याला २५, रंगकाम आणि अक्षरांना २५, स्वतः घडवलेल्या भागांना १५. ८७.५ गुण मिळाले की गुणवत्ता प्रमाणपत्र, मग शेजारच्याला कितीही मिळोत. मूळ वस्तूशी प्रतिकृती जुळते की नाही, याचा पुरावा बांधणाऱ्यानेच द्यायचा असतो. छायाचित्रे, आराखडे, टिपणे शेजारी मांडायची. परीक्षकाच्या अज्ञानाची शिक्षा बांधणाऱ्याला होत नाही आणि परीक्षकालाही सर्वज्ञ असल्याचा आव आणावा लागत नाही.

पण बाहेरची मोजपट्टी जशीच्या तशी उचलून किल्ल्याला लावली तर नुकसानच होईल, आणि हे कागदावर गणित मांडल्याशिवाय पटत नाही. बाजारातला मावळा साधारण पाच सेंटिमीटर उंच असतो. खऱ्या माणसाशी त्याचे प्रमाण धरले तर ते पस्तिसास एकच्या आसपास येते. गंमत म्हणजे रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जगभर रूढ असलेले प्रमाण हेच. संजीवनी माचीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर. मावळ्याच्या प्रमाणात ती बांधायची तर सत्तर मीटरहून जास्त जागा लागेल. उलट माची अडीच मीटरांत बसवली तर प्रमाण हजारास एक होते आणि त्यावर उभा केलेला मावळा पन्नास मीटर उंचीचा राक्षस ठरतो. म्हणजे दिवाळीचा किल्ला प्रमाणबद्ध असूच शकत नाही. डोंगर एका मापाचा, दरवाजा दुसऱ्या, मावळा तिसऱ्या, आणि महाराज या सगळ्यांहून मोठे. मुले ही मापे मनाने जुळवतात. जे महत्त्वाचे ते मोठे, आणि हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. ‘मावळा दरवाज्यातून आत जाईल का रे?’ असे विचारून हसणारा परीक्षक मी पाहिला आहे. त्याने एक अख्खी परंपरा चुकीच्या फुटपट्टीने मोजली.

नंबरच्या ओढीने किल्ल्याचे आणखी काय होते, तेही पाहायला हवे. परीक्षक एका किल्ल्यापाशी दहा मिनिटे थांबतो, समोर उभा राहतो. मग किल्ला समोरून बांधला जातो आणि मागे उघड्या विटा राहतात. परीक्षकाने पटकन ओळखावा म्हणून रायगड, प्रतापगड, राजगड, सिंधुदुर्ग हेच फिरून फिरून येतात. स्वतःच्या गावामागचा गड सोडून पोरे शंभर मैलांवरचा बांधतात. मोठी माणसे ‘जरा मदत’ करायला म्हणून बसतात आणि रात्री अकराला बाबा एकटेच बुरुज लिंपत असतात. एखादा मुलगा तर टेपरेकॉर्डर लावल्यासारखी माहिती म्हणतो. त्याला मध्येच थांबवून विचारले, ‘तू इथला पहारेकरी असतास तर रात्री कुठे उभा राहिला असतास?’ की तो पहिल्यांदाच आपल्या किल्ल्याकडे नीट बघतो. मला त्याचे ते बघणे हवे असते.

शेजारच्या गोव्यात याचे मोठे रूप दिसते. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री तिथे गावोगाव नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात, त्यांच्या स्पर्धा होतात आणि पहाटे त्या जाळतात. बक्षिसे वाढत गेली तशा प्रतिमा वाढल्या, लोखंडी सांगाडे आले, कर्णे आले. रात्रभराच्या आवाजाची आणि सकाळी रस्त्यात उरलेल्या सांगाड्यांची तक्रार आता दरवर्षीची झाली आहे. कागद आणि बांबू हाताळत गावातल्या पोरांनी शिकलेले कौशल्य त्या आवाजात दबून जाते.

एक मान्य करायला हवे. स्पर्धेने आणलेली काही दुखणी स्पर्धेनेच बरी केली. थर्माकोलचे तट आणि पीओपीचे तयार किल्ले वाढले, तेव्हा अनेक आयोजकांनी त्यांना मनाई केली आणि दगड, माती, गवत यांना वेगळे गुण ठेवले. दोन दिवाळ्यांत फरक दिसायला लागला. गुणपत्रकात जे लिहिले जाते, ते बांधले जाते. म्हणून रकाने कुणी आणि कसे आखले, हा मला बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा प्रश्न वाटतो.

‘नंबर काढून टाकला तर मुलेच विचारतात, मग जिंकलं कोण?’ हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. चुरस मुलांना आवडते, शेजारच्या बिल्डिंगला हरवायचे म्हणूनच काही जण माती उपसतात. सगळ्यांना पदक दिले की पदकाची किंमत उतरते, हेही खरे, कारण परीक्षक दिवाळीच्या दिवशी कुणाला नाराज करायला धजत नाही. कॉलेजातल्या पोरांच्या आणि मंडळांच्या गटात नंबर ठेवा, त्यांना तो पेलतो. चौदा वर्षांखालच्यांना कसोटीवर श्रेणी द्या, ती खरोखर कडक ठेवा, आणि प्रत्येक किल्ल्यामागे हाताने लिहिलेला एक कागद द्या. त्यात तीन गोष्टी पुरेत: या किल्ल्यात मला सर्वात आवडलेली जागा, एक चूक आणि ती कशी टाळता येईल, आणि पुढच्या वर्षी बघायला जावा असा एक गड. ‘तुमच्या संजीवनी माचीची फट अचूक आहे. तलावाला तळाशी प्लास्टिकऐवजी चिकणमातीचा जाड थर देऊन बघा. सुवेळा माचीचे नेढे राहिले, ते बघायला पुढच्या वर्षी गडावर जा.’ हे लिहायला पाच मिनिटे लागतात. एका दुपारी वीस किल्ले उरकण्याऐवजी दहाच पाहावे लागतील, म्हणून परीक्षक जास्त लागतील. निवृत्त शिक्षक, गडांवर नेमाने जाणारी मंडळी, गवंडीकाम करणारे एखादे काका, माणसे मिळतात.

आणि किल्ल्याशेजारी वही ठेवायला सांगा: कुठला नकाशा पाहिला, कोण गडावर जाऊन आले, काय मुद्दाम वगळले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा लांबच लांब तट. राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवले आणि मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे झुंजवला. पार्किंगच्या कोपऱ्यात तीन ढिगारे रचून जिंजी बांधायला मातीही कमीच लागेल. एखाद्या गटाने तो घेतलाच, तर त्यांची वही आदल्या दिवशी परीक्षकाच्या घरी पोचवा, म्हणजे त्यालाही अभ्यास करून येता येईल.