लोंढ्याचा रुग्ण कोणाचा?



लोंढा जंक्शन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या स्टेशनाचे वैशिष्ट्य सांगावयास नको. येथून एक मार्ग खानापुरावरून बेळगाव-मिरजेकडे जातो, दुसरा अळणावरावरून धारवाड-हुबळीकडे वळतो आणि तिसरा कॅसलरॉकवरून घाट उतरून गोव्यात शिरतो. गाव खानापूर तालुक्यातले, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. पुष्कळ घरांतून भाषा मराठी. पोटापाण्यासाठी कोणी बेळगावी जातो, कोणी गोव्यात राहतो, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेच्या चाकरीत आहे. कोणत्या गाडीने कोठे जावे, हे प्रवाशाला फलाटावरचा फळा सांगतो. परंतु आजारी माणसाने कोणत्या दवाखान्याची वाट धरावी, तेथे त्याला कोणत्या अधिकाराने उपचार मिळतील आणि हयगय झाली तर दाद कोणाकडे मागावी, हे सांगणारा फळा मात्र सहसा आढळत नाही. त्याविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम मूळ नियम पाहू. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्र आणि राज्ये यांच्या कामांची वाटणी केलेली आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय तेथे राज्यांच्या यादीत घातले आहेत. केंद्र सरकार पैसा देते, धोरण सुचविते, देशव्यापी योजना आखते. परंतु दवाखाना चालविणे, डॉक्टर नेमणे आणि खाजगी रुग्णालयांवर देखरेख ठेवणे हे काम राज्याचे. राज्याच्या मध्यभागी राहणाऱ्या माणसाला ही वाटणी जाणवतही नाही. हद्दीवर राहणाऱ्याला ती पदोपदी जाणवते. कारण राज्याचे कर्तव्य जेथे संपते, तेथे रोग काही संपत नाही.

सरकारी दवाखान्यांची आजची रचना ज्या विचारातून आली, तो विचार सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात मांडला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे त्याचे मुख्य सूत्र होते. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर प्राथमिक आरोग्यकेंद्रे उभी राहू लागली. आज सपाट प्रदेशात ३०,००० लोकवस्तीला एक आणि डोंगराळ भागात २०,००० लोकवस्तीला एक केंद्र असावे, असा दंडक आहे. त्याच्या हाताखाली उपकेंद्रे असतात. डोंगराळ मुलखात ती ३,००० वस्तीला एक. केंद्राच्या वर तालुक्याचे रुग्णालय, त्याच्या वर जिल्ह्याचे. म्हणजे लोंढ्याच्या रुग्णाची सरकारी वाट आरोग्यकेंद्रातून खानापुरास आणि तेथून बेळगावास जाते. बेळगाव येथून सुमारे ५० किलोमीटर आहे.

कागदावर ही शिडी नीट दिसते. परंतु खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे दाट अरण्य. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी लाकडी डोली करून, खांद्यावर घेऊन, चिखलातून आणि जंगलातून बाहेर आणले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून धावत आहे. पण जेथे रस्ताच नाही तेथे ती कशी पोहोचावी? लोकसंख्येवरून आखलेला दंडक अंतर मोजत नाही, आणि अशा भागात रोग्याचे आयुष्य अंतरावरच अवलंबून असते.

आता एकाच आळीतील चार घरे डोळ्यांपुढे आणा. पहिले घर रेल्वे कामगाराचे. त्याला रेल्वेचा स्वतंत्र वैद्यकीय विभाग आहे, आणि हुबळीचे रेल्वे रुग्णालय त्याच्यासाठी उघडे आहे. दुसरे घर शेतकऱ्याचे. त्याच्यापाशी दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असेल, तर २०१८ पासून चालू असलेल्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेखाली कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पत्रिका दारिद्र्यरेषेवरील असेल, तर ठरलेल्या खर्चापैकी ३० टक्के भार सरकार उचलते. मात्र आधी सरकारी रुग्णालयात जावे लागते. तेथे सोय नसेल तर तेथील चिठ्ठी घेऊन मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात जाता येते. तातडीच्या आजारात ही चिठ्ठी लागत नाही. तिसऱ्या घरातील मुलगा गोव्यात कारखान्यात आहे. त्याचा १९४८ च्या कायद्याखाली कर्मचारी राज्य विमा उतरलेला असेल, तर मुलगा गोव्यात आणि कुटुंब बेळगाव जिल्ह्यात असले तरी दोघांनाही आपापल्या ठिकाणच्या विमा दवाखान्याचा लाभ घेता येतो. चौथ्या घरातील वृद्धेची मुलगी गोव्यात नांदते. आईला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे, असे तिला वाटते. पण गोव्याच्या २०१६ च्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला त्या राज्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. आई लोंढ्याची असल्याने ती त्या योजनेत बसत नाही.

शेजार एक, पाऊस एक, तापही कदाचित एकच. पण दारे चार. आपले दार कोणते, हे आजारपण येण्यापूर्वीच माहीत करून घेतले पाहिजे. मध्यरात्री कागद शोधीत बसण्याइतका अवधी रोग देत नाही.

हद्दीचा हा प्रश्न एकट्या लोंढ्याचा नाही. २०१८ च्या जानेवारीत बांबोळीच्या रुग्णालयाने परराज्यातील रुग्णांकडून शुल्क घेण्यास आरंभ केला, तेव्हा त्याचा चटका सिंधुदुर्गाला बसला आणि दोडामार्गकडे आंदोलनही झाले. गोव्याच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. एका लहान राज्याने आपल्या करदात्यांच्या पैशावर तीन राज्यांचे रोगी किती काळ सांभाळावेत, हा प्रश्न अगदीच गैर नव्हे. पुढे २०२३ साली महाराष्ट्राने आपली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले. आमच्या राज्यातील नागरिकांसाठी दुसऱ्या राज्याने योजना का चालवावी, अशी हरकत कर्नाटकाने घेतली, आणि २०२४ च्या जानेवारीत बेळगाव जिल्ह्यात त्यासाठी अर्ज स्वीकारणारी केंद्रे प्रशासनाने बंद केली. सीमेचा मूळ वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याविषयी येथे बोलावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे की, दोन सरकारे अधिकाराविषयी बोलत होती तेव्हा शस्त्रक्रियेची वाट पाहणारा माणूस दोघांच्याही दारात उभा होता.

यावर कोणी म्हणेल की, प्रत्येक राज्याने आपापले पाहिले म्हणजे झाले. परंतु २०१६ साली या मुलखाने त्याचे उत्तर स्वतःच दिले आहे. शिमोगा जिल्ह्याच्या अरण्यात १९५७ साली प्रथम आढळलेला माकडताप गोचिडीच्या चाव्याने पसरतो. तो सत्तरी तालुक्यात आणि दोडामार्गात दिसू लागला. त्याच सुमारास बेळगाव जिल्ह्यातील मजूर काजूच्या हंगामासाठी गोव्याच्या बागांत गेले होते. तेथे गोचीड चावली, ताप अंगात घेऊन ते घरी परतले आणि रोगाचे निदान बेळगाव जिल्ह्यात झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीने हा धागा जुळविला. रोग लागला एका राज्यात, उघडकीस आला दुसऱ्या राज्यात आणि ओळखला गेला तिसऱ्या राज्यात! गोव्याने आपल्या काजूच्या बागेची खबर बेळगावला द्यावी आणि बेळगावने आपल्या तापकऱ्यांची खबर गोव्याला द्यावी, हा केवळ शेजारधर्म नव्हे. त्यात दोघांचाही स्वार्थ आहे.

सेवा मिळणे ही एक बाजू झाली; ती नीट मिळते की नाही हे पाहणे ही दुसरी. मुंबई राज्याने १९४९ साली खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच राज्यात होता. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला आणि कायद्याची वाटही बदलली. कर्नाटकाने १९७६ साली, आणि नंतर अधिक व्यापक स्वरूपात २००७ साली, खाजगी वैद्यकीय संस्थांसाठी आपले कायदे केले. २००७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक खाजगी रुग्णालयाने, दवाखान्याने आणि तपासणी प्रयोगशाळेने नोंदणी केली पाहिजे आणि आपले दर रुग्णांना दिसतील असे लावले पाहिजेत. २०१७ साली हा कायदा कडक करण्याचे ठरले, तेव्हा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरले असतानाच राज्यभरातील खाजगी डॉक्टर तेथे निदर्शनांसाठी जमले आणि ठिकठिकाणचे दवाखाने बंद राहिले. उपचारांचे दर सरकारने ठरवावेत आणि कसूर करणाऱ्यास कैद व्हावी, हे त्यांना मान्य नव्हते. अखेर कायदा बराच सौम्य होऊन संमत झाला. तरीही दोन गोष्टी त्यात राहिल्या, आणि त्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात. तातडीच्या प्रसंगी आगाऊ रकमेसाठी रुग्णाला अडविता येत नाही, आणि बिलाची बाकी राहिली म्हणून मृताचे शव रोखून ठेवता येत नाही. तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण आहे.

सरकारी दवाखाने या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, ही त्यातील उणीवच म्हटली पाहिजे. तथापि सरकारी रुग्णालयाला कोणतेच बंधन नाही, असे कोणी समजू नये. १९९२ साली बंगालमध्ये एक मजूर धावत्या गाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. रेल्वेच्या गावाने हा निकाल विसरू नये. जखमी माणूस कोणत्या राज्याचा, हा प्रश्न त्याचे रक्त थांबविल्यानंतरचा आहे.

वृद्धांच्या बाबतीतही कायद्याने हद्दीचा विचार केला आहे. २००७ च्या केंद्रीय कायद्याखाली मुलांनी सांभाळ न केल्यास आईवडिलांना निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा गोव्यात असला तरी आईने तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. ती स्वतः जेथे राहते त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो.

राहिला भाषेचा प्रश्न. कन्नड अर्ज वाचता येत नाही म्हणून अनेक मराठी माणसे तक्रारच करीत नाहीत. घटनेचा ३५० वा अनुच्छेद सांगतो की, गाऱ्हाणे मांडण्यासाठी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणून लोंढ्याच्या माणसाने बेळगावला मराठीत लिहावे. मात्र तारीख घालावी, प्रत ठेवावी आणि पोहोच घ्यावी. औषधाची गोळी कशी घ्यावी, हे रोग्याला त्याच्या भाषेत समजले पाहिजे, ही मागणी राजकारणाची नव्हे, वैद्यकाची आहे. याबाबत अनेक आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका जे काम दारोदार जाऊन, घरच्या बोलीत करतात, त्याचे मोल फार मोठे आहे.

तेव्हा मागावयाचे ते काय? केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांची नावे आहेत, त्यांना कोणत्याही राज्यातील मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेता येतात. विमेदार कामगाराचा हक्क त्याच्याबरोबर राज्याबाहेर जातो. तातडीच्या रुग्णाला कोणतीच हद्द लागू नाही. एवढे जर होऊ शकते, तर शेजारच्या तीन राज्यांनी एकत्र बसून, कोणाच्या रुग्णाचा खर्च कोणी आणि कसा भरावा, याचा करार करणे अशक्य नाही. रेल्वेच्या दोन विभागांत उत्पन्नाची वाटणी होते. त्यासाठी प्रवाशाला मध्येच गाडीतून कोणी उतरवीत नाही.

तोपर्यंत एक छोटे काम लोंढ्यासारख्या प्रत्येक गावाला स्वतः करता येण्याजोगे आहे. आरोग्यकेंद्राच्या दारावर कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांत एक फळा असावा. कोणत्या शिधापत्रिकेला काय मिळते, चिठ्ठी कोठून घ्यावी, रुग्णवाहिका कशी बोलवावी आणि तक्रार कोणाकडे करावी, हे त्यावर लिहावे. ग्रामसभेत कोणीतरी उठून ही मागणी करावयास हवी. फलाटावरचा फळा चुकला तर गाडी चुकते. हा फळा नसला तर माणूस जातो.