आधी फिल्टर, मग प्रोसेसर
सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत ‘विक्रम’ ही ३२-बिट चिप पंतप्रधानांच्या हाती आली आणि तेव्हापासून सगळी चर्चा नॅनोमीटरभोवती फिरते आहे. ती घडवणारा मोहालीचा कारखाना १८० नॅनोमीटरवरच थांबला, याची खंत फार होते. पण ही मोजपट्टी प्रोसेसरची आहे. ईसीजी यंत्राला शरीराकडून जेमतेम एक मिलिव्होल्टचा संकेत मिळतो आणि त्यात घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळलेली असते. ती वेगळी काढणाऱ्या अ‍ॅनालॉग सर्किटला १८० नॅनोमीटर पुरेसे आहेत. कमतरता आहे ती असे सर्किट घडवणाऱ्या हातांची, आणि ते तयार करायला युनिव्हर्सल फिल्टरइतका चांगला धडा नाही.

कर्विन, ह्यूल्समन आणि न्यूकॉम यांनी १९६७ मध्ये मांडलेली या फिल्टरची रचना आजही पहिल्या दिवशी शिकवावी अशी आहे. एक बेरीज करणारा ऑप-अ‍ॅम्प, त्यामागे दोन इंटिग्रेटर आणि त्यांचे उत्तर पुन्हा बेरजेकडे नेणाऱ्या वाटा, एवढाच तिचा संसार. तीन ठिकाणी तार जोडली की हाय-पास, बँड-पास आणि लो-पास एकाच वेळी मिळतात. हाय-पास आणि लो-पास यांची बेरीज केली की मधली वारंवारता पुसली जाते. इंटिग्रेटरना १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर आणि सुमारे ३२ किलोओहमचे रेझिस्टर लावले, तर पुसली जाते ती नेमकी ५० हर्ट्झची गुणगुण. छाटणी किती टोकदार हवी, हे वेगळ्या रेझिस्टरने ठरते. फीडबॅक, स्थिरता, घटकांची अचूकता हे सारे विषय या एका सर्किटमध्ये हाताला लागतात.

हे काम आता सॉफ्टवेअर करते, असा आक्षेप येतो. सॉफ्टवेअर खूप काही करते, पण संकेताचे आकडे झाल्यानंतर. सेकंदाला ५०० नमुने घेणाऱ्या यंत्रात ४५० हर्ट्झचा गोंगाट शिरला, तर आकड्यांत तो ५० हर्ट्झचा दिसतो. मग कोणतेही गणित त्याला ओळखू शकत नाही. नमुने अधिक वेगाने घेतले तर नमुने घेण्याआधीच्या फिल्टरचे काम हलके होते, संपत नाही. दुसरा आक्षेप असा, की या विषयावर शोधनिबंधांचा ढीग पडला आहे. खरे आहे, पण त्यांतले कितीतरी सिम्युलेशनवरच संपतात. सिलिकॉनवर रेझिस्टर आणि कपॅसिटर यांची मूल्ये ठरवल्याबरहुकूम उतरत नाहीत, तापमानाने सरकतात, आणि ऑप-अ‍ॅम्पच्या मर्यादित वेगामुळे वरच्या वारंवारतांना फिल्टर हिशेबापेक्षा टोकदार होतो. खरा अभियंता या तफावतीशी झुंजताना घडतो.

विद्यार्थ्यांनी रचलेल्या चिप मोहालीत तयार होऊ लागल्या आहेत. ही वाट रुंद करावी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने निदान एक युनिव्हर्सल फिल्टर प्रत्यक्ष घडवून, मोजून आणि दुरुस्त करून दाखवल्याशिवाय त्याला चिप-डिझायनर म्हणू नये. कारखाने पैशाने उभे राहतील, तफावत ओळखणारी नजर मात्र मोजमापाच्या टेबलावरच तयार होते.