एका खोलीत तीन उन्हाळे

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, ही आता बातमी राहिलेली नाही. बातमीत न येणारी कुरबुर घराघरांत चालते. नवी पेठेतले एखादे माडीवरचे घर डोळ्यांसमोर आणा. दुपारची वेळ. बाहेरून उन्हातून आलेला मुलगा आल्या आल्या कूलरचा वेग वाढवतो. ओट्यापाशी तासभर उभी असलेली सूनबाई पंख्याखाली येऊन बसते. कॉटवर पडलेले आजोबा मात्र म्हणतात, ‘‘मला कुठं गरम होतंय? बंद करा तो कूलर, अंग दुखतंय.’’

खोली एकच, हवा एकच. मग तिघांचे म्हणणे वेगळे का? आणि ऐकायचे कोणाचे? हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नाही. त्यात आरोग्याचा, कधी कधी जिवाचाही प्रश्न असतो.

शरीराचा जमाखर्च

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करते, म्हणजे जुन्या १०० च्या बल्बइतकी. स्वयंपाक करताना ती दीडपट ते दुप्पट होते, शिवाय शेगडीची धग वेगळी. ही उष्णता सतत बाहेर टाकावी लागते. आपल्या त्वचेचे तापमान ३३-३४ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तर उष्णता आपोआप निघून जाते. हवा ३५ अंशांच्या पुढे गेली की मुख्य भिस्त घामावर राहते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे इथे घाम येतो आणि लगेच वाळतो. मुंबईसारखा सदरा अंगाला चिकटत नाही. ‘मला घामच येत नाही’ असे वाटत असतानाच शरीरातले पाणी कमी होत असते.

तापमापक अर्धेच सांगतो

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. माणसाला सुखकर वाटणे सहा गोष्टींवर ठरते, असे त्यांनी दाखवले : हवेचे तापमान, आसपासच्या भिंती-छताची धग, वाऱ्याचा वेग, हवेतील ओलावा, अंगावरचे कपडे आणि चाललेले काम. त्यांच्या गणिताचा एक निष्कर्ष प्रत्येक घराने लक्षात ठेवावा असा आहे. तापमान कितीही विचारपूर्वक ठरवले, तरी शंभरातल्या किमान पाच जणांना ते पटत नाहीच. म्हणजे सर्वांना आवडेल असा एक आकडा अस्तित्वातच नाही.

या सहांपैकी छताची धग आपल्याकडे फार महत्त्वाची. जुन्या माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे. दुपारचे ऊन खाली झिरपायला बराच वेळ लागे. आजचा चार-पाच इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर तीच धग खाली सोडतो. म्हणून रात्री नऊला बाहेर वारा सुटलेला असतो, पण वरच्या मजल्यावरच्या खोलीत जीव घाबरा होतो. हवेचे तापमान उतरलेले असले, तरी डोक्यावरचे छत अजून तव्यासारखे तापलेले असते.

बायकांना थंडी जास्त का वाजते?

एसीच्या खोलीत बहुधा घरातल्या बायका आधी पांघरूण ओढतात. यात नाजूकपणाचा संबंध नाही. नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, कार्यालयांतल्या तापमानाचे निकष १९६० च्या दशकात ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाला धरून बेतले गेले होते. स्त्रियांच्या शरीरात विश्रांतीच्या वेळी सरासरी कमी उष्णता तयार होते, त्यामुळे तीच हवा त्यांना अधिक गार लागते. पाळी जाण्याच्या वयात नेमके उलटे घडते, अंगातून अचानक वाफा येतात. थायरॉइड कमी असेल तर थंडी वाजते, जास्त असेल तर उकाडा सोसवत नाही. रक्त कमी असले तरी गारठा लवकर जाणवतो. तेव्हा ‘तुझे आपले काहीतरीच’ म्हणण्याआधी त्यामागे कारण असू शकते, हे ध्यानात घ्यावे. एखाद्याची जाणीव अलीकडे एकदम बदलली असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

अंग उन्हाळ्याला सरावते

पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला घरी पंखा पुरतो, तर दिवसभर एसीत बसणाऱ्याला पुरत नाही. उन्हाची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी देशातील पाच शहरांच्या कार्यालयांत सहा हजारांहून अधिक नोंदी घेतल्या. नैसर्गिक हवेच्या इमारतींत काम करणाऱ्या भारतीयांना पाश्चात्त्य निकषांपेक्षा बरेच जास्त तापमानही सुखकर वाटते, असे त्यातून दिसले. म्हणजे निरोगी, सरावलेल्या माणसाला उन्हाळ्यात २२ अंशांची गरज नाही. पंखा चालू असेल तर २८-३० अंशांतही त्याचे भागते.

आजोबांचे काय?

आजोबांचे ‘मला कुठं गरम होतंय’ हे वाक्य घरात सर्वांत जास्त काळजीने ऐकायला हवे. वय वाढते तशी त्वचेची तापमान ओळखण्याची क्षमता मंदावते, घाम कमी आणि उशिरा येतो, तहान कमी लागते. शरीर तापत असते, पण त्याची वर्दी मेंदूकडे उशिरा पोहोचते. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात नसांवर परिणाम होऊन घामाची यंत्रणा बिघडू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी लवकर कमी होते. (म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये, उन्हाळ्यापुरता डोस बदलायचा का, हे डॉक्टरांना विचारावे.) तान्ह्या बाळाला तर बोलताच येत नाही.

म्हणजे घरात सर्वांत मोठ्याने ‘उकडतंय’ म्हणणारा तरुण मुलगा बहुधा सुरक्षित असतो आणि न बोलणारा माणूस धोक्यात असू शकतो. त्यामुळे हा निर्णय बहुमताने घेण्यासारखा नाही. घरातल्या सर्वांत नाजूक शरीराला सुरक्षित ठरेल असे तापमान आधी ठरवावे, मग बाकीच्यांनी आपापली सोय पाहावी.

सुरक्षित म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की, उष्णतेच्या लाटेत घरातले तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांखाली राहील असे पाहावे, विशेषतः साठीपुढची माणसे, लहान बाळे आणि जुनाट आजाराचे रुग्ण घरात असतील तर. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीचा आकडा गाठणे कठीणच आहे. पण आजोबांच्या कॉटजवळ तापमापक टांगला, तर वाद ‘मला वाटतं’वरून आकड्यावर येतो.

मग ठरवायचे कसे?

आजोबांची तक्रार बहुधा गारव्याची नसते, अंगावर येणाऱ्या झोताची असते. कूलरचे तोंड थोडे वळवा, झोत भिंतीवर घ्या. खोली गार राहील आणि त्यांचे सांधेही दुखणार नाहीत. ज्याला थंडी वाजते त्याने पांघरूण घ्यावे, हे सर्वांत सोपे. अंगावर घेता येते, पण एका मर्यादेपलीकडे अंगावरचे काढता येत नाही. सोलापूरच्या घरात चादरीची काय कमी!

कूलर लावताना एक खिडकी उघडी ठेवा. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही तर गारवा टिकत नाही. कोरड्या हवेत कूलर तासाला काही लिटर पाणी पितो आणि आपल्याकडे पाण्याची ओढ नेहमीची. म्हणून दिवसभर चालवण्यापेक्षा दुपारी बारा ते चार आणि झोपण्याआधीचे दोन तास असे ठरवून घेतले तर पाणी आणि वीज दोन्ही वाचते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

एसी असेल तर २४ ते २६ अंश आणि सोबत पंखा. अंगावर वारा असला की खोली दोन-तीन अंशांनी गार वाटते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसीचा आकडा एक अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून स्टार मानांकनाचे एसी सुरू होताच २४ वर लागतील, असा नियमही झाला आहे. साधा एसी १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त तो जास्त वेळ चालत राहतो.

नुसता पंखा असेल तर सावध राहा. हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरडा पंखा गरम झोतच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या पंचाने अंग पुसून किंवा पाणी शिंपडून मग पंख्याखाली बसावे. सकाळी नऊनंतर उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. रात्री सर्व उघड्या. गच्चीला पांढरा चुना मारला तर स्लॅब कमी तापतो आणि त्याचा फायदा घरातल्या सर्वांना सारखाच मिळतो.

वृद्ध माणसाला दर तासाला, तहान लागो न लागो, पाणी किंवा ताक द्या. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बोलणे असंबद्ध होणे, गुंगी, अंग चटका बसेल इतके तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेव्हा तापाची गोळी उपयोगी पडत नाही. आधी अंग पाण्याने भिजवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

राहिला रिमोट कोणाच्या हाती, हा प्रश्न. तो कोणाच्याही हाती असू द्या, पण बटण दाबण्याआधी त्याने कॉटजवळचा तापमापक पाहावा आणि आजोबांच्या हाताला हात लावून पाहावा. ‘‘गरम होतंय का?’’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या अंगावरून जास्त खरे कळते.