सनदी लेखापाल प्रशिक्षणातील नीतिमूल्ये व सुशासन

सनदी लेखापाल (चार्टर्ड अकाउंटंट किंवा सी.ए.) होण्यासाठी भारतात जे प्रशिक्षण दिले जाते, त्यात लेखाशास्त्र, करकायदे व लेखापरीक्षण यांबरोबरच व्यावसायिक नीतिमूल्ये आणि कंपन्यांचे सुशासन यांचाही अभ्यास अंतर्भूत आहे. हे प्रशिक्षण भारतीय सनदी लेखापाल संस्थेमार्फत चालते. ही संस्था १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमान्वये स्थापन झाली.

आवश्यकता

भागधारक आणि कर्ज देणाऱ्या बँका कंपनीचे हिशोब स्वतः तपासू शकत नाहीत. त्या लेखापरीक्षकाच्या अहवालावर विसंबतात. लेखापरीक्षकाला मानधन मात्र ज्या कंपनीचे हिशोब तपासायचे, तीच कंपनी देते. त्यामुळे तांत्रिक ज्ञानाइतकेच त्याच्या स्वातंत्र्यालाही महत्त्व आहे.

मूलतत्त्वे

संस्थेच्या नीतिसंहितेत सचोटी, वस्तुनिष्ठता, व्यावसायिक क्षमता व दक्षता, गोपनीयता आणि व्यवसायाला साजेसे वर्तन ही पाच तत्त्वे सांगितली आहेत. स्वार्थ, स्वतःच्याच कामाचे परीक्षण, पक्षसमर्थन, अतिपरिचय आणि दडपण यांमुळे ही तत्त्वे धोक्यात येतात. उदाहरणार्थ, ज्याने हिशोब लिहिले त्यानेच ते तपासल्यास चुका नजरेआड होण्याचा संभव असतो.

अभ्यासक्रमातील स्थान

२०२३ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात मध्यम (इंटरमिजिएट) व अंतिम (फायनल) या दोन्ही स्तरांवर नीतिमूल्ये लेखापरीक्षणाच्या प्रश्नपत्रिकेत समाविष्ट आहेत. सुशासनाशी निगडित तरतुदी कंपनी कायद्याच्या अभ्यासात येतात. याशिवाय व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी (आर्टिकलशिप) करावी लागते. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती.

सत्यम प्रकरण

७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी हिशोबातील फसवणुकीची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटी रुपयांहून अधिक रोख व बँक शिल्लक प्रत्यक्षात अस्तित्वात नव्हती. बँकेतील शिल्लक कंपनीने पुरवलेल्या कागदांवर न विसंबता थेट बँकेकडून पडताळून का घ्यावी, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

कायदेशीर तरतुदी

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार सूचीबद्ध कंपनीला एकच लेखापरीक्षक व्यक्ती सलग पाच वर्षांहून अधिक आणि एकच लेखापरीक्षण संस्था सलग दहा वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाही. लेखापरीक्षकाने त्याच कंपनीचे हिशोब लिहिण्यास मनाई आहे. अशा कंपनीच्या संचालक मंडळात किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. याच अधिनियमाखाली २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले.

मर्यादा

लेखी परीक्षेतून नियमांचे ज्ञान तपासता येते. मात्र मोठे अशील गमावण्याची वेळ आल्यावर लेखापाल कसा वागेल, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे उमेदवारीच्या काळात वरिष्ठांचे वर्तन हाच या विषयाचा प्रत्यक्ष पाठ ठरतो. सनद मिळाल्यानंतरही सभासद संस्थेच्या शिस्तपालन यंत्रणेच्या कक्षेत राहतो आणि गंभीर गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्याचे नाव सभासद नोंदवहीतून कमी केले जाऊ शकते.