नाव नसलेले सूर: कोलकात्याचे वाढदिवस

सेशन वादक: बँडचा कायमचा सदस्य नव्हे, ठरावीक ध्वनिमुद्रणापुरता बोलावला जाणारा. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचे नाव बहुधा नसतेच.

• ८ मार्च १९३१: मनोहारी सिंग, सॅक्सोफोन. जन्म कोलकाता. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईला आणले. ‘आराधना’तल्या (१९६९) ‘रूप तेरा मस्ताना’चा धुंद सॅक्सोफोन त्यांचाच. संगीतकार आर. डी. बर्मन यांचे सहायक. याच कामात सोबत बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव कीर. निधन: १३ जुलै २०१०.

• ११ फेब्रुवारी १९४१: लुई बँक्स, पियानो. जन्म दार्जिलिंग. कोलकात्यातल्या पार्क स्ट्रीटच्या ‘ब्लू फॉक्स’ रेस्टॉरंटमधून पुढे मुंबईत.