दिव्यांग मुलाच्या शिक्षणाची वकिली

नातेपुते परिसरातील एक आई आपल्या कर्णबधिर मुलाला घेऊन गावच्या शाळेत जाते, असे समजा. मुख्याध्यापक सौजन्याने बोलतात, चहा सांगतात आणि शेवटी म्हणतात, "ताई, मुलगा हुशार आहे, पण त्याला शिकवणारे शिक्षक आमच्याकडे नाहीत. तुम्ही सोलापूरला किंवा पुण्याला एखादी विशेष शाळा पाहा." आई नमस्कार करून घरी परतते. तिचा कोणी अपमान केलेला नसतो. तरीही त्या दुपारी एका मुलाचा कायदेशीर हक्क नाकारला गेलेला असतो, आणि त्याचा कागदावर कुठेही पुरावा उरलेला नसतो. दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी वकिली करणाऱ्याचे काम इथून सुरू होते.

अमेरिकेत ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालकसंघटनेने राज्याविरुद्ध दावा लावला. त्यांचे वकील थॉमस गिलहूल यांनी आधार घेतला तो १९५४ च्या 'ब्राउन' निकालाचा, म्हणजे कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळांत बसवणे घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाचा. एका बहिष्कृत समूहाने जिंकलेला न्याय दुसऱ्या समूहाच्या कामी कसा येतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९७५ मध्ये तिथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. १९८६ मध्ये त्यात एक साधीशी वाटणारी भर पडली : दावा जिंकणाऱ्या पालकांच्या वकिलाची फी न्यायालय शाळा प्रशासनाकडून देववू शकते. या तरतुदीमुळे तिथे असे वकील तयार झाले आणि टिकले. आपल्याकडे अशी तरतूद नाही, म्हणून असा स्वतंत्र व्यवसायही नाही. जे हे काम करतात ते इतर कामे करून उरलेल्या वेळात करतात.

कायदा मात्र आपल्याकडे भक्कम आहे, जरी तो उशिरा आला. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये भेदभावाच्या ज्या कारणांना मनाई आहे, त्यांत अपंगत्वाचा उल्लेख नाही. अनुच्छेद ४१ मध्ये तो आहे, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. आणि राज्यसूचीतील नवव्या नोंदीत आहे तो 'साहाय्य' या अर्थाने. साहाय्यापासून हक्कापर्यंत यायला बराच काळ लागला. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारचे अपंगत्व मानले. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली आणि त्यानुसार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, सिकलसेल हेही त्यांत येतात.

शिक्षणाच्या दृष्टीने यातील दोन कलमे पालकांनी लक्षात ठेवावीत. कलम १६ सांगते की शासनमान्य वा अनुदानित शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व सोयी त्यांना वापरता येतील अशा कराव्यात आणि प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय पुरवावी. या कलमाची एक उणीव आहे. शासन यासाठी 'प्रयत्नशील राहील' अशा आशयाचे शब्द त्यात आहेत, आणि प्रयत्न चालू आहे असे सांगणे कोणत्याही कार्यालयाला सोपे असते. कलम ३१ मध्ये ही पळवाट नाही. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के प्रमाणित दिव्यांगत्व, असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. माझ्या मते या कलमाचा सारा जीव 'निवडीप्रमाणे' या शब्दात आहे. विशेष शाळा वाईट नव्हे. सांकेतिक भाषेत सहज बोलणाऱ्या सवंगड्यांमध्ये कर्णबधिर मूल अनेकदा अधिक खुलते. पण कुठे शिकायचे हे त्या मुलाने व त्याच्या पालकांनी ठरवायचे असते, मुख्याध्यापकांनी नव्हे.

इथे पालक हमखास अडखळतात. प्रमाणपत्रावर ३५ टक्के आले की आपला हक्क संपला, असे त्यांना वाटते. कधी कार्यालयेही तसेच सांगतात. ४० टक्क्यांची अट कलम ३१ ला आणि आरक्षणाला आहे. भेदभावाविरुद्धच्या संरक्षणाला आणि वाजवी सोयीला ती नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. हाताच्या स्नायूंच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराला, टक्केवारीत बसत नाही म्हणून, लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वैद्यकीय प्रवेश परीक्षेत जादा वेळ नाकारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश तिला मिळाला नाही. झालेल्या अन्यायाचे परिमार्जन कसे करता येईल याचा विचार करा, असे परीक्षा संस्थेला सांगण्यात आले. निकाल तिच्या बाजूने लागला, पण परीक्षागृहातला तो एक तास परत आला नाही. म्हणून दहावी-बारावीच्या सवलतींचे अर्ज परीक्षेच्या बरेच आधी शाळेमार्फत मंडळाकडे जाणे महत्त्वाचे असते.

आता त्या आईकडे परत येऊ. वकील तिला पहिली गोष्ट सांगेल ती अशी : पुन्हा शाळेत जा, प्रवेशाचा लेखी अर्ज दोन प्रतींत दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घे. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागता येत नाही असे नाही, पण तो सिद्ध करणे कठीण. अर्ज लेखी आला की निम्म्या शाळा प्रवेश देतात, असा माझा अनुभव आहे. न दिल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांची मदतही तिथेच मागावी. 'शिक्षक नाहीत' हे मुख्याध्यापकांचे म्हणणे पुष्कळदा खरे असते. विशेष शिक्षकांच्या कमतरतेची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घेतली आणि प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक, तर त्यावरील वर्गांसाठी पंधरांमागे एक शिक्षक असे प्रमाण सांगितले. तेव्हा चांगला वकील मुख्याध्यापकांना आरोपी करत नाही. त्यांच्याकडून हीच अडचण लेखी घेतो. तो कागद शासनाविरुद्धचा पुरावा होतो.

पुढची पायरी पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांची. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. ते शिफारस करतात. संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी किंवा शिफारस न स्वीकारण्याची कारणे द्यावीत, असा नियम आहे. त्यानेही भागले नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका.

खर्चाची भीती मोठी असते. परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तीही त्याच कलमात येतात. आपल्या भागातील पालकांनी त्यासाठी शंभर किलोमीटरांहून दूर सोलापूरला जाण्याची गरज नाही. माळशिरसच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी चालतो.

हे काम दिव्यांग वकील स्वतःही करीत आहेत. मुंबईच्या कांचन पमनानी आणि नागपूरला कायदा शिकून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले राहुल बजाज, दोघेही दृष्टिहीन. विधि महाविद्यालयांत दिव्यांगांना वावरता यावे, या मागणीवरून सुरू झालेल्या याचिकेचा सर्वोच्च न्यायालयातील निकाल १५ डिसेंबर २०१७ चा आहे.

आपल्या वसतिगृहाबद्दलही एक गोष्ट लिहितो. निवासी शाळेत प्रश्न वर्गापुरता राहत नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलीला रात्री स्वच्छतागृहापर्यंत जाता येते का, अंध मुलाला भोजनगृहाची वाट एकट्याने सापडते का, कर्णबधिर मुलाला पहाटेची घंटा कशी कळते, हे सर्व कलम १६ मधील 'सोयी' या शब्दात येते. पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांपैकी दोघातिघांनी, एखाद्या दिव्यांग पालकाला बरोबर घेऊन, फाटकापासून शेवटच्या खोलीपर्यंत एकदा चालून पाहावे आणि जिथे जिथे थांबावे लागेल त्या जागा कागदावर लिहून व्यवस्थापन समितीला द्याव्यात. दोन प्रतींत.