धारावी डेपोजवळचं रान

परीक्षा संपल्या की मुंबईतल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो: आता जूनपर्यंत मुलांचं काय करायचं? महिनाभर मामाच्या गावाला जाणं बहुतेकांच्या हातून सुटलं आहे. ती जागा शिबिरांनी घेतली. पोहणं, बुद्धिबळ, चित्रकला, रोबोटिक्स. मुलाला सकाळी दारात सोडायचं आणि ठरल्या वेळेला न्यायला यायचं, अशी या शिबिरांची रीत असते. निसर्गफेरीची रीत वेगळी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. कुटुंबासाठी काढलेल्या फेरीत आई, बाप, आजी, आजोबा दारातून परत फिरत नाहीत. मुलाबरोबर त्याच पायवाटेने चालतात, त्याच फांदीकडे बघतात आणि बहुतेक वेळा मुलाइतकेच अनभिज्ञ असतात.

अशा फेऱ्यांसाठी मुंबईत जागा आहेत, पण माहीमच्या खाडीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाला तोड नाही. शीव-वांद्रे जोडरस्त्यावर, धारावी बस डेपोजवळ त्याचं फाटक आहे. एका बाजूला धारावी, दुसऱ्या बाजूला मिठी नदी आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती. मधल्या सदतीस एकरांत दाट झाडी. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, शहर वाढताना हा जुन्या जंगलाचा तुकडा कसाबसा वाचला असावा. खरी गोष्ट उलटी आहे. इथे जंगल नव्हतं, मुंबईच्या कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. वर्षानुवर्षं शहराने इथे घाण आणून ओतली. 1977च्या सुमारास ते बंद झालं. या जागेवर निसर्गशिक्षणाचं उद्यान व्हावं ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाने मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) ती हाती घेतली. 1983 साली पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हातून इथे झाड लावलं गेलं. 1994 साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आराखड्यामागे वास्तुरचनाकार उल्हास राणे यांचा अभ्यास होता.

कचऱ्याच्या थरावर झाड जगवणं सोपं नसतं. खाली कुजणाऱ्या ढिगातून वायू निघतो, उष्णता निघते, जमीन खचते. त्यावर माती आणून पसरावी लागते, त्या मातीत तग धरतील अशी झाडं निवडावी लागतात. मग पुढचं काम पाचोळा करतो. पान गळतं, कुजतं, त्यात गांडुळं आणि बुरशी येतात, माती हळूहळू जाड होते. म्हणून इथे हिरवळीचे गालिचे आणि कातरलेली कुंपणं शोधू नयेत. चालताना पायाखाली वाळकी पानं करकरतात आणि हा करकर आवाज उद्यान नीट सांभाळल्याची खूण आहे. आपल्या सोसायट्यांमध्ये पाचोळा रोज झाडून पोत्यात भरून फेकतात. इथे आलेल्या आईवडिलांनी एवढी एकच गोष्ट घरी नेली तरी सोसायटीच्या झाडांचं भलं होईल.

उन्हाळ्यात कसली आलीय निसर्गफेरी, पावसाळ्यात जाऊ, असं पुष्कळ जण म्हणतात. माझं मत नेमकं याच्या विरुद्ध आहे. मुलांना झाड बघायला शिकवायचं असेल तर एप्रिल-मेसारखा काळ नाही. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं, नवख्या डोळ्याला एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही. उन्हाळ्यात प्रत्येक झाड आपापलं वेळापत्रक उघडून दाखवतं. बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो आणि त्याच झाडावर मागच्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगा लोंबत असतात. ताम्हणाला जांभळी फुलं येतात. राज्यफूल म्हणून शाळेत पाठ केलेलं हे फूल कित्येक मुलं इथे पहिल्यांदा झाडावर बघतात. पिंपळाला तांबूस कोवळी पालवी असते. करंजाखाली फुलांचा सडा पडतो. पानं विरळ असताना फूल लांबून दिसतं आणि कीटकांना ते सहज सापडतं. पावसाच्या आत बी जमिनीवर पोचलं तर रुजायला पुढे चार महिने ओल मिळते. पानझडीची किती तरी झाडं रखरखीत उन्हात का फुलतात, याचं उत्तर असं झाडाखाली उभं राहून मिळालं की ते विसरायला होत नाही.

पक्ष्यांचंही तसंच. तांबटाची टुक टुक टुक भर दुपारीसुद्धा थांबत नाही. मूठभर पक्षी, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल पट्टा. सुकलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत तो चोचीने गोल भोक पाडून ढोली करतो. त्याला वाळकी फांदीच लागते. मुंबईत पावसाळ्याआधीची छाटणी याच दिवसांत चालते आणि पहिली कुऱ्हाड वाळक्या फांदीवर पडते. रस्त्यावरची धोक्याची फांदी काढावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या झाडाखाली कुणी उभं राहत नाही, त्याची वाळकी फांदी ठेवायला काय हरकत आहे?

फेरी सकाळी लवकर सुरू होते. साडेनऊ-दहानंतर बहुतेक पक्षी गप्प होतात आणि मुलंही कंटाळतात. पाण्याची बाटली, टोपी, अंगात मळकट किंवा हिरवट कपडे, पायांत बूट, एवढी तयारी पुरते. दुर्बीण घरात नसली तरी बिघडत नाही, गटात एखादी फिरत असते. चांगला मार्गदर्शक पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो: तो कमी बोलतो. दिसेल त्या झाडाचं शास्त्रीय नाव धाडधाड सांगत सुटणाऱ्या माणसामागे मुलं पाच मिनिटंही टिकत नाहीत. जो एका आंब्यापाशी वीस मिनिटं थांबवतो, त्याच्यामागे ती अख्खी सकाळ फिरतात.

आंब्यापाशी थांबण्यासारखं पुष्कळ असतं. फांदीच्या टोकाला पाच-सात पानं एकमेकांना चिकटून झालेला गोळा दिसतो. ते लाल मुंग्यांचं घरटं. बांधकाम चालू असताना ते सापडलं तर नशीब. मुंग्यांची एक फळी एका पानाची कड पायांनी घट्ट धरते आणि दुसऱ्या पानाची कड जबड्यात पकडून ओढते. अंतर जास्त असेल तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची, आणि अशी साखळी पान खेचून आणते. कडा जुळल्या की आतून दुसऱ्या मुंग्या येतात. त्यांच्या तोंडात स्वतःच्या वसाहतीतल्या अळ्या असतात. अळीला या कडेवरून त्या कडेवर टेकवत नेलं जातं आणि अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने शिवण पडते. मोठ्या मुंग्यांना रेशीम काढता येत नाही, अळ्यांना चालता येत नाही. दोघींचं मिळून घर होतं. हे बघताना मुलं चिडीचूप असतात. कॅमेरा काढायचं विसरतात ते बाप.

आणि आज्या. कुटुंबाच्या फेरीत आजी-आजोबांना जरूर न्यावं, असं मी आवर्जून सांगते. उद्यानाच्या खाडीकडच्या भागात एका सकाळी आमच्या गटात रत्नागिरीकडच्या एक आजी होत्या, गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांच्या मागे. हृदयाच्या आकाराच्या पानांचं एक झाड आलं, पिवळी फुलं, सुकताना तांबूस होणारी. मार्गदर्शक काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "अगो, हा भेंड! आमच्या वाडीत पाणंदीला होता." नातीने विचारलं, "आजी, तुला कसं माहीत?" त्यांनी खाली पडलेलं एक पान उचललं, देठ खुडला, पान गुंडाळून नळी केली, टोक चिमटीत दाबलं आणि पिपाणी वाजवली. पुढची दहा मिनिटं सगळा गट पिपाण्या करत होता. निसर्गाचं ज्ञान शहरी घरांतून नाहीसं झालेलं नाही. ते आजीपाशी पडून आहे, आणि कुणी विचारत नाही म्हणून तसंच राहून जातं. फेरीत विचारायला निमित्त मिळतं.

फुलपाखरांसाठी मात्र थोडं ऊन चढावं लागतं, अंग तापल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. प्रत्येक जातीच्या अळीचं झाड ठरलेलं असतं. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नये, ती लिंबाच्या फुलपाखराची कोवळी अळी असू शकते. तशी दिसते म्हणून पक्षी तिला टाळतात. नीलवंत, म्हणजे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. हळदीकुंकू नावाच्या देखण्या फुलपाखराची अळी बांडगुळावर वाढते, आणि बांडगूळ तर आपण शत्रू समजून काढून टाकतो. गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी असलेल्या घराला ही माहिती लगेच उपयोगी पडते, कारण कढीपत्ताही लिंबाच्याच कुळातला. पानं कुरतडलेली दिसली की औषध फवारायच्या आधी मूल म्हणतं, थांब, अळी बघू दे.

मुंबईत ही सोय आणखीही ठिकाणी आहे. गोरेगावला चित्रनगरीच्या आत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्गशिक्षण केंद्र आहे. तेहतीस एकरांचं, राष्ट्रीय उद्यानाला लागून. सकाळी फुलपाखरं बघायची आणि मग सगळ्यांनी मिळून नाश्ता करायचा, हा त्यांचा कार्यक्रम घरच्या सगळ्या माणसांना जमेल असा आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही सुट्टीत शिबिरं होतात, आणि तिथे जंगल खरोखरीचं, बिबट्या राहतो असं आहे.

याच मोसमात कुटुंबं गाड्या भरून काजवे बघायलाही जातात. मेअखेरीपासून भंडारदऱ्याच्या परिसरात रात्री वाहनांच्या रांगा लागतात. मुलांना काजवे दाखवण्याची हौस मला समजते, पण तिथे जे चालतं त्याचा त्रास होतो. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीने एकमेकांना शोधणं. त्यावर हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च मारले की तो शोध थांबतो. झुडपांत आणि गवतात बसलेल्या माद्या पायांखाली जातात. वीस माणसं, एक जाणता मार्गदर्शक, दिवे बंद आणि पायवाट सोडायची नाही, ही निसर्गफेरीची शिस्त तिथे लागू केली तर गावांचा रोजगारही राहील आणि काजवेही.

फेरीनंतर काय, हाही प्रश्न आहे. एका सकाळचा उत्साह आठवडाभरात ओसरतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे घराजवळचं एक झाड धरणं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनतर्फे चालणाऱ्या सीझनवॉच या देशव्यापी उपक्रमात कुणीही एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची नोंद करू शकतं: कोवळी पानं किती, जून किती, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. पाच मिनिटांचं काम. अशा हजारो नोंदींतून झाडांचे मोसम पुढेमागे सरकत आहेत का ते अभ्यासकांना तपासता येतं. सुट्टीत सुरू केलेली वही शाळा उघडल्यावरही चालू ठेवता येते, कारण झाड शाळेच्या वाटेवरच असतं.

एक खंत मात्र मला सांगितलीच पाहिजे. सुट्टीच्या फेऱ्यांना दादर, माटुंगा, पार्ले, ठाणे इथून येणारी कुटुंबं भेटतात. फाटकाबाहेर रस्ता ओलांडला की धारावी आहे. तिथल्या मुलांना दहा बाय दहाच्या खोलीत मे महिना काढावा लागतो, आणि त्यांतली फार थोडी या वाटांवर दिसतात. नावनोंदणीचा संदेश त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी इंग्रजीत असतो. शिवणकाम, चामड्याचं काम, कुंभारकाम करणाऱ्या आईबापांना सकाळी सात ते दहा हा वेळ मोकळा नसतो. धारावीतल्या ज्या कुंभारवाड्यात माती हाताळण्यात पिढ्या गेल्या, तिथल्या लोकांकडे या जागेत सांगण्यासारखंही पुष्कळ असेल. करायचं ते अवघड नाही. मेच्या दर रविवारी एक फेरी फक्त धारावीतल्या कुटुंबांसाठी, विनाशुल्क. मार्गदर्शक मराठी, हिंदी आणि तमिळ बोलणारा. नावनोंदणी महापालिकेच्या शाळांतून आणि बालवाडीच्या ताईंमार्फत. आणि ज्यांना सकाळ जमत नाही त्यांच्यासाठी दुसरी फेरी संध्याकाळी, मिठीकाठचे बगळे रात्रीच्या मुक्कामाला झाडांवर परतायच्या वेळी.